728 रुपये 90 पैसे

728 रुपये 90 पैसे. 2004 साली अल्पबचतीची एजन्सी घेतली तेव्हा सगळ्यात आधी पाठ झालेला आकडा हा. पोस्टात महिना दहा रुपयांचं आवर्ती खातं, म्हणजे आरडी, काढायचं, साठ हप्ते भरायचे, आणि पाच वर्षांनी हातात 728 रुपये 90 पैसे घ्यायचे. व्याजदर साडेसात टक्के होता. वीसचं खातं असेल तर दुप्पट, पन्नासचं असेल तर पाचपट. दारात उभं राहून बाईला तोंडी हिशेब सांगता यावा म्हणून आम्ही सगळ्याजणी हा आकडा पाढ्यासारखा घोकत असू. पुढे दर बदलले, आकडे बदलले, तरी झोपेतून उठवून विचारलं तर आजही माझ्या तोंडून हाच निघेल.

महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना 1972 साली सुरू झाली. नेमणूक जिल्हाधिकारी कार्यालयातून होते आणि फक्त बायकांचीच होते. घरोघर जाऊन हप्ते गोळा करायचे, कार्डावर नोंद करून सही करायची, यादी करून पैसे पोस्टात भरायचे. जमा रकमेवर चार टक्के कमिशन. मिस्टरांच्या कंपनीत कामगारकपात झाली आणि दोन मुलांच्या शाळेच्या फीचा प्रश्न उभा राहिला, म्हणून मी या कामाला लागले. आमचं घर नाशिकच्या सिडकोतलं, पवननगरच्या बाजूला. पहिली खाती गल्लीतलीच. मग उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक, सातपूर, आणि माहेर पंचवटीत म्हणून गंगेच्या पलीकडचीही. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

आमच्या महिन्याला दोन टोकं असतात. पंधरा तारखेच्या आत उघडलेल्या खात्याचा हप्ता पंधरापर्यंत भरायचा, नंतर उघडलेल्याचा महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांचा पगार सात ते दहा तारखेला होतो. म्हणजे सात ते पंधरा या आठवड्यात पायाला भिंगरी. एकदा हप्ता चुकला की शंभराला एक रुपया महिना दंड, आणि चार हप्ते चुकले की खातं बंद पडायची वेळ. बाईचं खातं बंद पडू द्यायचं नाही, एवढं एकच मी पहिल्या दिवसापासून धरून चालले आहे.

हे काम घेईपर्यंत बचत म्हणजे महिनाअखेरीला जे उरतं ते, असं मी धरून चालत होते. आमच्या घरात काही उरत नव्हतं, म्हणून बचत नव्हती. माझी ही समजूत काळाराम मंदिरामागच्या एका जुन्या वाड्यात, एका खोलीच्या घरात खोटी ठरली.

त्या मावशी गंगापूर रोडवरच्या तीन घरी पोळ्या करायच्या. नवरा नव्हता, मुलगी शिकत होती. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, दहाचं खातं काढतील. त्या म्हणाल्या, "एकशेवीसचं काढा." मी कमाई विचारली, मग खर्च विचारला. जुळेना. शेवटी म्हटलं, "मावशी, एवढे कुठून भराल? मध्येच बंद पडलं तर नुकसान होईल."

त्यांनी फळीवरचा एक पितळी डबा खाली घेतला. त्यात पाच-पाचची नाणी. जाताना त्या शेअर रिक्षाने जायच्या, कारण सकाळी सातच्या ठोक्याला पहिल्या घरी पोचावं लागे. परत येताना मात्र पायी. अशोकस्तंभ, रविवार कारंजा, मग होळकर पूल ओलांडून पंचवटी. रिक्षाचे पाच रुपये वाचत. यात नवल काही नाही, निम्मं नाशिक तेव्हा असंच चालायचं. वेगळी होती ती पुढची गोष्ट. घरात शिरलं की चप्पल काढायची, कमरेच्या पिशवीतून पाच रुपये काढायचे, डब्यात टाकायचे, आणि मग पाणी प्यायचं. पाण्याच्या आधी डबा.

"पाणी पिऊन बसलं की उठणं होत नाही," त्या म्हणाल्या. "आणि पायी आले म्हणून पाच रुपये वाचले, असं नुसतं म्हणून ते वाचत नाहीत बाई. पिशवीत राहिले की तेल-मिठात मिसळतात. संध्याकाळी विचारा, कुठं गेले, तर सांगता येत नाही."

महिन्याला पंचवीस फेऱ्या, सव्वाशे रुपये. एकशेवीस खात्यात, आणि उरलेले पाच देवापुढे. त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता.

त्या रात्री मी घरी येऊन आमच्याच घराकडे नव्याने पाहिलं. काटकसर आम्हीही करत होतो. मी शिल्लक भाताचा फोडणीचा भात करत होते, मुलांच्या वह्यांची कोरी पानं शिवून कच्ची वही करत होते, मिस्टर सायकलने जात होते. पण यातून वाचलेला एकही रुपया मला बोट लावून दाखवता आला नसता. एका जागी वाचवायचा आणि दुसऱ्या जागी त्याच दिवशी तो नकळत जायचा. वाचवणं आम्हाला येत होतं, उचलून ठेवणं येत नव्हतं. वीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन मी जे शिकले ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याचे प्रकार आहेत.

प्रकार मात्र किती पाहिले! सांगण्यासारखे आहेत म्हणून सांगते.

कालनिर्णय 1973 पासून निघतं, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या बायकांची ती खरी खातेवही आहे. दुधाचे खाडे, पेपरचे खाडे, कामवालीच्या सुट्ट्या, सगळं तारखेच्या चौकोनात. उत्तमनगरच्या एका वहिनींकडे मी पाहिलं की, सिलिंडर लावला त्या तारखेला त्या लाल पेनाने गोल करतात आणि संपला की मधले दिवस मोजून चौकोनात आकडा लिहितात. एकदा त्रेचाळीस, एकदा अडतीस, एकदा चाळीस. असे सहा-सात आकडे एकाखाली एक पाहिल्यावर त्यांना प्रश्न पडला की, थंडीत दिवस का कमी होतात. उत्तर आंघोळीच्या पाण्यात सापडलं. सगळ्यांचं पाणी गॅसवर तापत होतं. त्यांनी सासूबाईंचा माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला. शेजारच्या फर्निचरवाल्याकडचे लाकडाचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, वाळलेल्या फांद्या त्यात जाऊ लागल्या. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवायचे, भांड्याबाहेर ज्वाळा जाऊ द्यायची नाही, कुकरची दुसरी शिट्टी झाली की आच बारीक, हे त्या आधीपासून करतच होत्या. बंब आला आणि चौकोनातला आकडा साठच्या पुढे गेला. मग वाचलेल्या दिवसांचे पैसे? ते त्या सिलिंडर आला त्याच दिवशी, वेळ मिळेल तेव्हा नव्हे, वेगळ्या पाकिटात घालायच्या. माझा हप्ता त्या पाकिटातून यायचा.

विजेचं असंच. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा दर एक आणि शंभरच्या पुढचा दर जवळजवळ दुप्पट. शंभर ओलांडले की सगळ्याच बिलाला वरचा दर लागतो, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही, फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण वरचं प्रत्येक युनिट महाग, म्हणजे वाचवायचं ते तिथेच. सातपूरच्या एका घरी मीटरशेजारच्या भिंतीवर खडूने आकडे लिहिलेले असत. दर रविवारी सकाळी शाळेतला मुलगा रीडिंग लिहायचा, मागचं वजा करायचा. आठवड्याला पंचवीसच्या आत असेल तर ठीक. जास्त झालं की घरात पंचायत बसे: इस्त्री किती वेळा केली, पाण्याची मोटर कोण बंद करायला विसरलं, देवघरातला जुना बल्ब अजून का आहे. दहावीत तो मुलगा गणितात पहिला आला, असं काही मी सांगणार नाही, तो साधारणच होता. पण बिल आलं की त्याला आधीच ठाऊक असे किती येणार ते. आणि मागच्या महिन्यापेक्षा कमी आलं तर फरकाचे पैसे आई त्याच्यासमोर माझ्या हातात द्यायची. तो पाहायचा.

नाशिकचा म्हणून खास सांगावा असा प्रकार कांद्याचा. आपण लासलगावच्या जिल्ह्यात राहतो आणि तरी ऑक्टोबरात पाव-पाव किलो कांदा घेणारी घरं मी पाहिली आहेत. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा निघतो तेव्हा भाव बहुधा पडलेला असतो, आणि पावसाळा संपता संपता तोच कांदा चढतो. जाणती बाई मे महिन्यात गोणी घेते. माझ्या माहितीतल्या एक आजी निफाडकडच्या. त्यांच्यासोबत मी एकदा कांदा घ्यायला गेले. गोणीत कोपरापर्यंत हात घालून त्या खालचा कांदा वर काढायच्या. मान बारीक आहे का पाहायच्या, कारण जाड मानेचा कांदा आधी सडतो. पत्ती अंगठ्याने घासून पाहायच्या, डबल पत्ती हवी, वाजली पाहिजे. पोळ कांदा, म्हणजे दिवाळीच्या आसपास येणारा लाल, तो टिकत नाही, तो साठवायचा विचारसुद्धा करायचा नाही. घरी आणल्यावर गोणीत ठेवायचा नाही. पलंगाखाली, वारा खेळेल असा, एकाच थरात पसरायचा. आणि दर आठ दिवसांनी खाली वाकून एकेक हात फिरवायचा. नाकाला वास आला की त्या पलंगाखाली शिरायच्या आणि नेमका तो कांदा घेऊन बाहेर यायच्या. कोंब आलेला आधी वापरायचा, मऊ झालेला त्याच दिवशी. दिवाळीपर्यंत त्यांना कांदा विकत घ्यावा लागत नसे. भाव चढला की त्या बाजारात भाव विचारून यायच्या, घेत काही नसत, आणि त्या दिवशी घ्यावा लागला असता तेवढ्याचे पैसे पिशवीत टाकायच्या. कांदा पलंगाखाली आणि पैसे पिशवीत.

गव्हाचं, डाळीचं, वाळवणाचं सगळ्यांना ठाऊक आहे. मेमध्ये वर्षाचा लोकवन घेऊन, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरणाऱ्या बायका आता कमी झाल्या, कारण कोठी ठेवायला घरात जागा नाही आणि एकदम पैसे काढायची ऐपत नाही. हा दुसरा मुद्दा फार मोठा आहे. स्वस्त घ्यायला आधी हातात एकरकमी पैसा लागतो. गरीब घराला किराणा महाग पडतो तो याचमुळे, रोज पाच रुपयांचं तेल आणि दहा रुपयांची साखर. म्हणून मी बायकांना सांगते, एक खातं असं काढा की जे एप्रिलात पुरं होईल. पाच वर्षं म्हणजे फार, पण एकदा ते पुरं झालं की त्या पैशाने वर्षाचं धान्य भरायचं आणि रोजच्या किराण्यातून जे सुटेल ते पुढच्या वर्षासाठी. पाच-सहा घरांत हे चाक फिरलं. सगळ्यांकडे नाही फिरलं. कुठे आजारपण आलं, कुठे लग्न.

बाकीचं थोडक्यात सांगते. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात संध्याकाळी उशिरा गेलं की मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या निम्म्या भावात मिळतात. निवडून, फडक्यात गुंडाळून ठेवायची सवड असेल तरच जास्त घ्याव्यात. बोहारणीला जुन्या साड्या देऊन भांडं घेण्याआधी घरात गोधडी हवी आहे का ते पाहावं. दिवाळीच्या बोनसमधून आरडीचे सहा हप्ते आगाऊ भरले तर शंभराच्या खात्यावर दहा रुपये सूट मिळते, बारा भरले तर चाळीस. आणि बारा हप्ते झाले की खात्यातल्या जमेच्या निम्मं कर्ज तिथल्या तिथे मिळतं, हे सांगितलं की पुष्कळ जणी चकित होतात. आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्यांच्या दारात जाण्याआधी हे ठाऊक असावं, म्हणून मी प्रत्येक कार्डाच्या मागे ते लिहून देते.

आता जे सांगायचं आहे ते सोपं नाही. सातपूरच्या अशोकनगरात एक ताई होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. दिवाळीचा बोनस आला त्या आनंदात त्यांनी हजाराचं खातं काढलं. मीही काढून दिलं. हजारावर मला चाळीस रुपये मिळत होते आणि तेव्हा चाळीस रुपये मला हवे होते. वर्षभर हप्ता वेळेवर आला. दारात तयार, मोजलेला. मला त्यांचं कौतुक वाटे. एकदा दुपारी गेले तर त्या जेवत होत्या. ताटात सकाळची पोळी आणि चहा. घरात भाजी होती, वरण होतं, झाकून ठेवलेलं, नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी. मी म्हटलं, "ताई, हे काय?" त्या हसल्या, "मला दुपारी भूकच नसते." पुढच्या महिन्यात त्या कंपनीत चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात अंगात रक्त कमी असल्याचं निघालं.

त्यांच्या घरात बचत होत होती ती फक्त त्यांच्या ताटातून. दूध मुलांचं चालू होतं, नवऱ्याचा डबा चालू होता, माझा हप्ता चालू होता. कार्डावर बारा महिने सही करणारी मी होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. आरडीचा हप्ता मध्येच कमी करता येत नाही. हजार म्हणजे हजार, नाहीतर दंड, नाहीतर बंद. तेव्हापासून मी कुणालाही हजाराचं एक खातं काढून देत नाही. दोनशेची पाच काढते. कार्डं पाच सांभाळावी लागतात, माझं लिहिणं पाचपट होतं, पण अडचण आली तर दोन थांबवता येतात आणि तीन चालू राहतात. आणि नवं खातं काढायला बसलं की मी आता पैसे कुठून येणार हे विचारते. रिक्षातून, गॅसमधून, कांद्यातून, नवऱ्याच्या तंबाखूतून आले तर चालतील. बाईच्या दुधातून, औषधातून, जेवणातून येणार असतील तर मी फॉर्म भरत नाही. पोटाला चिमटा काढून जमवलेला पैसा पुढे डॉक्टरकडेच जातो, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. काटकसर घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली पाहिजे. एकट्या बाईच्या वाट्याला आली तर ते तिचं शोषण आहे, त्याला बचत हे नाव मी देणार नाही.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात चार बायका उभ्या होत्या. नंतरच्या दोन आठवड्यांत मी जे पाहिलं ते माझ्या वीस वर्षांतलं सगळ्यात जड. तांदळाच्या डब्यातून, देवाच्या चौरंगाखालून, उशीच्या अभ्र्यातून, मुलीच्या जुन्या दप्तरातून नोटा निघाल्या. कुणाच्या आठ हजार, कुणाच्या बावीस हजार. नवऱ्याला ठाऊक नव्हतं, सासूला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे खातं असलेल्यांनीही असा वेगळा साठा ठेवला होता, कारण खात्याचं कार्ड नवऱ्याच्या हाती लागू शकतं. आता तो पैसा रांगेत उभं राहून सगळ्यांसमोर भरावा लागणार होता. बऱ्याच घरांत हसण्यावारी गेलं, नवरे म्हणाले, अरे वा, आमची लक्ष्मी. काही घरांत भांडणं झाली. एका बाईचे सदतीस हजार नवऱ्याने स्वतःच्या खात्यात भरले आणि ते तिला परत कधी मिळाले नाहीत. नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापतात. तिथून रिक्षाने अर्ध्या तासावर राहणाऱ्या या बाईच्या हातात तिच्याच नोटा राहिल्या नाहीत. तेव्हापासून मी बायकांना डबा ठेवा म्हणते, पण डब्यात महिन्याच्या वर ठेवू नका असंही म्हणते. डब्यातून खात्यात, खातं स्वतःच्या एकटीच्या नावावर, आणि वारसाचं नाव त्याच दिवशी.

खातं कुठे, हेही पाहा. माझ्या सासूबाईंनी धुण्याभांड्याच्या साबणातून, भाजीतून, जिथून जमेल तिथून पंचवीस वर्षं साठवलेले पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. व्याज पोस्टापेक्षा चार-पाच टक्के जास्त. मी एजंट असूनही त्यांना अडवू शकले नाही, कारण मला वाटलं आपण आपल्या कमिशनसाठी बोलतोय असं त्यांना वाटेल. पतसंस्था बुडाली. मूळ रकमेतलं थोडंफार आलं, तेही त्या गेल्यानंतर. आता मला कोण काय म्हणेल याची पर्वा मी करत नाही. पोस्टातला पैसा केंद्र सरकारच्या हमीचा आहे, व्याज कमी असेल तर असो, असं स्पष्ट सांगते.

डिसेंबर 2019 मध्ये आरडीचे नियम बदलले आणि किमान हप्ता दहावरून शंभर झाला. दहा रुपयांची आता किंमत काय, असं कुणी म्हणेल. पण दहाची, वीसची खाती काढायची ती मुलं. आई त्यांच्या हाताने हप्ता माझ्याकडे द्यायची. ती खाती गेली. आता शंभराच्या खात्याला साठ महिन्यांनी साधारण 7,136 रुपये येतात; ऑक्टोबर 2023 पासून दर 6.7 टक्के आहे. हाही आकडा मी पाठ केला आहे. शंभर झेपत नसतील तर दोघी बहिणींना एकत्र डबा ठेवायला सांगते आणि खातं एकीच्या नावावर पहिलं, मग दुसरीच्या. 2024 मध्ये लाडकी बहीणचे दीड हजार येऊ लागले तेव्हा माझ्याकडे पुष्कळ नवी खाती आली, दोनशेची, तीनशेची. ज्यांनी पैसे आले त्याच दिवशी काढून हप्ता भरायची सवय लावली त्यांची चालू आहेत.

मोठा बदल पैशाच्या रूपात झाला. डब्यात टाकायला नाणंच राहिलं नाही. भाजीवाल्याकडेही मोबाइल दाखवायचा. वाचलेले पाच रुपये हातात येतच नाहीत, ते मोबाइलमध्येच राहतात आणि मोबाइलमधूनच जातात. पाथर्डी फाट्याजवळ राहणारी एक सून आहे, नोकरी करते, दहा मिनिटांत घरपोच सामान मागवायची तिला सवय. तिला मी मावशींचा डबा सांगितला. तिने विचार केला आणि स्वतःचा मार्ग काढला. एका बँकेतलं जुनं खातं तिने मोबाइलच्या पेमेंटपासून तोडून टाकलं, म्हणजे त्यातून सहज खर्च करता येणार नाही. यादीत सामान भरायचं, शेवटी पैसे भरायची वेळ आली की जे नको ते काढून टाकायचं, आणि काढलेल्या वस्तूंची जेवढी किंमत तेवढे तिथल्या तिथे त्या जुन्या खात्यात पाठवायचे. नंतर नाही, त्याच मिनिटाला. पहिल्या महिन्यात अठराशे रुपये निघाले. मला तिने स्क्रीन दाखवली तेव्हा मला पितळी डबाच दिसला.

मावशींचं सांगायचं राहिलं. 2004 ला काढलेलं त्यांचं एकशेवीसचं खातं 2009 ला पुरं झालं. साठपैकी एकही हप्ता चुकला नव्हता. मुलीच्या बारावीच्या वर्षी नाही, त्यांना टायफॉइड झाला तेव्हाही नाही. त्या आजारपणात मुलगी शाळेतून पायी यायची आणि डब्यात पैसे टाकायची. पोस्टाच्या खिडकीवर 8,746 रुपये 80 पैसे मिळाले. त्यांनी ते दोनदा मोजले, ऐंशी पैसेसुद्धा. मी विचारलं, मुलीसाठी काही घेणार का? म्हणाल्या, "तिचं वेगळं बघते. हे माझं आहे."

तीन घरी गॅसवर पोळ्या करून पोट भरणाऱ्या त्या बाई स्वतःच्या घरी रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करत होत्या. त्यांनी गॅसचं कनेक्शन घेतलं, दोन बर्नरची शेगडी घेतली, आणि उरलेल्या पैशातून त्याच आठवड्यात दुसरं खातं काढलं. त्या खात्याचा पहिला हप्ता न्यायला गेले तेव्हा त्यांनी मला बसवून गरम पोळी वाढली. ओट्याच्या कडेला गॅसचं निळं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवलेलं होतं. पहिल्या पानावर नाव त्यांचं होतं.